त्रेचाळिसाव्या वर्षी वेल्डिंगचा संध्याकाळचा कोर्स केला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

कोर्स संपून दोन महिने झालेत. मुद्दाम थांबले होते लिहायला, कारण संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसती सरांची स्तुती झाली असती नाहीतर प्लेसमेंटवाल्यांवरचा राग तरी निघाला असता. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही लिहायचंय, आणि तसंही मला जे सांगायचंय ते कुठल्याही संस्थेत फी भरायच्या आधी तुमच्या कामी येईल.

माझं थोडक्यात सांगते. १७ वर्षं बिलिंगचं काम केलं, ते काम गेलं, आणि परत स्क्रीनसमोर बसायची इच्छाच राहिली नव्हती. हाताने काहीतरी बनवायचं हे डोक्यात कायम होतं. म्हणून रॉड वेल्डिंगचा म्हणजे आर्क वेल्डिंगचा (रॉड म्हणजे वरून कोटिंग असलेली तार, तिचं टोक आणि प्लेट यांच्यात विजेचा आर्क पेटवून धातू वितळवायचा) मोठ्या माणसांसाठीचा बॅच धरला, १६ आठवडे, आठवड्यातले ४ दिवस, संध्याकाळी ३-३ तास. बॅचमध्ये १६ जण आणि बूथ, म्हणजे वेल्डिंग करायचे पडदे लावलेले कप्पे, ८. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी हिशोब सांगते कारण हा मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. माहितीपत्रकावर १९२ तास लिहिलेले. त्यातले ४० तास थिअरी. उरले १५२, ते एका बूथमध्ये दोघांत, म्हणजे ७६. त्यातून प्लेट कापणं, कडा ग्राइंड करणं, टॅक मारणं (तुकडे जागेवर राहावेत म्हणून छोटे टाके), स्लॅग म्हणजे वेल्डवर जमलेली खपली ठोकून काढणं, वायर ब्रश मारणं, हे सगळं वजा करा. मी पहिल्या दिवसापासून वहीत रोज किती रॉड जाळले ते लिहीत होते, शेवटी बेरीज केली तर १,३०० च्या आसपास भरले. ३.१५ एमएमचा एक रॉड जळायला साधारण सव्वा मिनिट धरलं तर आर्क प्रत्यक्ष पेटलेला होता २७ तास. १९२ मधले २७. ऐकायला कमी वाटतं पण तेवढं वाईट नाहीये हे, प्रत्यक्ष कामावरसुद्धा रॉड वेल्डिंग करणाऱ्या माणसाचा आर्क दिवसभरातला थोडाच वेळ चालू असतो, बाकी सगळं फिटिंग आणि साफसफाई. पण हात बसतो तो या २७ तासांतच, त्यामुळे कुठेही चौकशीला गेलात तर कोर्स किती तासांचा हे विचारू नका, एका बूथला माणसं किती आणि एकाला रोज रॉड किती मिळतात ते विचारा. आमच्याकडे रॉडवर बंधन नव्हतं, मागाल तेवढे मिळायचे, प्लेटा मात्र एकदा वापरलेल्याच परत कापून वापरायला लागायच्या. रॉडचे पूर्ण मार्क.

आता शिकवण्याबद्दल. प्रॅक्टिकलचे सर म्हणजे या कोर्सचा जीव आहेत. पहिले दोन आठवडे त्यांनी आम्हाला जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर ठेवलं, शेजारी नवीन इन्व्हर्टर मशीन ठेवलेली असून. इन्व्हर्टरमध्ये रॉड पेटताना करंट आपोआप वाढतो आणि रॉड चिकटला की मशीनच करंट पाडतं, त्यामुळे चूक झाकली जाते. ट्रान्सफॉर्मरवर चूक लगेच कळते, रॉड खटकन प्लेटला चिकटतो आणि होल्डर सोडवेपर्यंत लाल होतो. माझे पहिल्या दिवशी किती चिकटले ते मोजलंच नाही. पण त्या दोन आठवड्यांत आर्कची लांबी म्हणजे काय ते हाताला कळलं. रॉडच्या आतल्या तारेची जेवढी जाडी तेवढंच अंतर टोक आणि प्लेट यात ठेवायचं, म्हणजे ३ एमएमच्या जरा वर, आणि रॉड तर जळत जळत आखूड होत जातो त्यामुळे हात सतत खाली न्यावा लागतो, तोही पुढे सरकत सरकत. हे तीन-चार गोष्टी एकत्र करणं डोक्याने होत नाही. सर म्हणायचे कानाने करा. अंतर बरोबर असलं की एकसारखी चुरचुर येते, लांब गेलं की आवाज फाटतो आणि सगळीकडे स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे शिंतोडे, उडतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला शेजारच्या बूथमधल्याचा आर्क लांब गेलेला पडद्यापलीकडून कळायला लागला होता, स्वतःचा मात्र सुधरत नव्हता.

आणि इथेच मला ते सांगायचंय ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

पाचवा आठवडा संपला, बॅचमधल्या विशी-बाविशीतल्या पोरांचे फिलेट (दोन प्लेटांच्या कोपऱ्यात मारलेले वेल्ड) सरळ यायला लागले, माझा रन, म्हणजे वेल्डची एक ओळ, मात्र जॉइंट सोडून बाजूला जायचा, कधी वरच्या प्लेटवर तीन एमएम, कधी खालच्या. सुरुवात बरोबर व्हायची आणि मध्येच भरकटायचा. मी धरून चालले होते की हात थरथरतो, वय झालं, हे काम आपलं नाही. घरी कुणाला सांगितलं नव्हतं पण मनातल्या मनात सोडायचं ठरत आलं होतं. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी सर माझ्या मागे येऊन उभे राहिले, दुसरी शील्ड, म्हणजे काळ्या काचेचा मुखवटा, डोक्यावर ओढून, आणि दोन रॉड संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रन बघतायत. मग म्हणाले, "ताई, मोबाईल वाचताना हात लांब धरता का तुम्ही?" मी हो म्हटलं. "मग हात ठीक आहे तुमचा. मान बघतोय मी केव्हापासून, दर दोन इंचांनी तुम्ही डोकं मागे घेताय. डोकं मागे गेलं की हात पण मागे येतो. तुम्हाला दिसतच नाहीये. चाळिशी लागलीय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शील्डच्या आत, काळ्या काचेच्या मागच्या खाचेत सरकवायची एक भिंगाची पट्टी आणून दिली. बस. एवढीच गोष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा मला वितळलेल्या धातूचं डबकं नीट दिसलं. तोपर्यंत मला फक्त एक चकाकता गोळा दिसत होता आणि मी त्याच्यामागे जात होते. आता पुढचा पातळ, चकचकीत, हलणारा धातू वेगळा दिसत होता आणि मागे रेंगाळणारा जाडसर स्लॅग वेगळा, आणि डबक्याची कड दोन्ही प्लेटांना कशी जाऊन चिकटतेय ते दिसत होतं. एक कड प्लेटला लागली नाही की हात आपोआप तिकडे जायचा. त्या संध्याकाळी मारलेला रन मी ठोकून साफ केला तेव्हा स्लॅग एका पट्टीत अख्खा सुटून आला आणि खाली लाटा लाटा दिसल्या एकसारख्या. मी रडले खरं तर. शील्ड परत खाली ओढली म्हणून कुणाला दिसलं नाही.

मला हे इतकं लांबण लावून सांगायचंय कारण चाळिशीनंतर हे काम शिकायला येणाऱ्या किती जणांनी भिंगाच्या एका पट्टीअभावी सोडून दिलं असेल कोण जाणे. मोठ्या माणसांना शिकवणं वेगळं असतं. आमचं शरीर वेगळं आहे, आम्हाला चुकायची लाज वाटते, आम्ही विचारत नाही. माझ्या बूथचे जोडीदार दादा ५२ वर्षांचे, २५ वर्षं गाडी चालवलेली, कंबर गेलेली, ते खाली वाकून मारायचे आणि अर्ध्या तासात बसायचे. सरांनी त्यांचा जॉब स्टँडवर छातीच्या उंचीला लावून दिला आणि कोपर टेकवायला एक पाईपचा तुकडा वेल्ड करून दिला. विशीतल्या पोराला हे लागत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी असं काही ठेवलेलंच नसतं. चौकशीला जाल तेव्हा शिकवणाऱ्याला सरळ विचारा, माझ्या वयाची माणसं आधी शिकलीत का तुमच्याकडे आणि त्यांना काय अडचण आली. ज्याला उत्तर पटकन देता आलं तो लक्ष देतो असं समजा. आणि जायच्या आधी डोळे तपासून घ्या, जवळचं आणि लांबचं दोन्ही.

हातमोजे. संस्थेतले हातमोजे एकाच मापाचे, मोठ्या पुरुषी पंज्याचे. माझ्या बोटांच्या पुढे दीड इंच चामडं रिकामं लोंबायचं, त्याने होल्डरची पकड कळत नाही आणि रॉड बदलताना वेळ जातो. दोनदा सांगितलं, बघतो म्हणाले, शेवटी मी माझ्या मापाचे विकत घेतले. बॅचमध्ये आम्ही तीन बायका होतो, तिघींनी तेच केलं. मुलींना या कामात या म्हणून पोस्टर लावता तर आधी त्यांच्या मापाचे हातमोजे आणि एप्रन आणा. हे मी फीडबॅक फॉर्मवर पण लिहिलंय.

सेफ्टीच्या बाबतीत मिश्र अनुभव. काच सगळ्यांना नीट दिली होती, १० आणि ११ नंबरची, ते बरोबर. डोळे भाजण्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ते लगेच कळत नाही, काही तासांनी, बऱ्याचदा मध्यरात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, त्यामुळे शेजारच्याचा आर्क उघड्या डोळ्यांनी चुकूनही बघायचा नाही. गॅल्व्हनाइज्ड पाईप कुणी आणला तर सर परत पाठवायचे, कारण जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. पण धूर ओढून घेणारे पाईप ८ बूथपैकी ५ मध्येच चालू होते. ही किरकोळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, त्याआधी तो 'शक्यता आहे' वाल्या गटात होता. आणि जो माणूस चाळिशीत हे काम सुरू करतो त्याला पुढे १५-२० वर्षं हाच धूर घ्यायचाय. मी आणि दादांनी दुसऱ्या आठवड्यात चालू पाईपवाला बूथ धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही, पण मग बंद पाईपवाला कुणाच्या तरी वाट्याला आलाच ना.

थिअरीचे ४० तास निम्मे वाया गेले असं माझं स्पष्ट मत. थिअरीला वेगळे शिक्षक होते, ते स्क्रीनवरचं वाचून दाखवायचे. पण ज्या दोन-तीन तासांत खरं शिकवलं ते फार कामाचं होतं. रॉडवरचा नंबर कसा वाचायचा, ६०१३ आणि ७०१८, पहिले दोन आकडे ताकदीचे, म्हणजे ७० असेल तर दर चौरस इंचाला ७०,००० पौंड, तिसरा १ म्हणजे कुठल्याही पोझिशनला चालतो, आणि शेवटच्यावरून वरचं कोटिंग आणि करंट कळतो. दुसरं, फिलेटचं माप. हे कुणालाही नवीन असेल तर नीट वाचा, काही ड्रॉइंगवर फिलेटच्या पायाची लांबी दिलेली असते आणि काहींवर घशाची जाडी, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या तिरक्या पृष्ठभागापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर. घसा हा पायाच्या साधारण ०.७ पट. म्हणजे ६ एमएम पायाचा फिलेट मारला तर घसा ४.२ च भरतो. ड्रॉइंगवाल्याला घसा ६ पाहिजे असेल आणि तुम्ही पाय ६ समजून मारलात तर वेल्ड दिसायला सुंदर आणि ताकदीला कमी. माझं गणित शाळेनंतर सुटलेलं, तरी हे समजलं कारण त्या दिवशी त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढून हाताने मोजून दाखवलं. रोज तसं शिकवलं असतं तर.

ओव्हनचा विषय आता. ७०१८ चा रॉड ओल धरतो. डबा उघडला की तो गरम ओव्हनमध्ये, साधारण १२० अंशांच्या वर ठेवायचा असतो आणि बाहेर काढल्यावर अमेरिकन स्ट्रक्चरल कोडप्रमाणे ४ तासांत वापरायचा, नाहीतर त्या ओलाव्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि तडा जाऊ शकतो, तोही लगेच नाही तर काही तासांनी, कधी दिवसांनी, म्हणजे तुम्ही काम संपवून निघून गेल्यावर. हे आम्हाला थिअरीत शिकवलं आणि प्रॅक्टिकलला ओव्हन बंद. १६ आठवड्यांत दुरुस्त झाला नाही. रॉड उघड्या पेटीत पडलेले. सर वैतागायचे, आठवड्याला लेखी तक्रार द्यायचे, ऑफिसातून फक्त मान हलवायचे. सरावाच्या प्लेटला काय होतं असं ऑफिसचं म्हणणं, पण शिकताना जी सवय लागते तीच पुढे जाते. हा माझ्या दृष्टीने संस्थेचा सगळ्यात मोठा दोष.

शेवटचे चार आठवडे उभ्या प्लेटवर, खालून वर जायचं. इथे धातू खाली ओघळायला बघतो. दोन्ही बाजूंना थांबायचं, मधून पटकन जायचं, बाजूला थांबलं नाही तर कडेला खाच पडते, अंडरकट. मग १० एमएम प्लेटांना दोन्हीकडून तिरकी कड काढून, मध्ये ३ एमएम फट ठेवून जोडायचं, आणि त्यातून पट्ट्या कापून बेंड टेस्ट. एक पट्टी वरची बाजू बाहेर ठेवून यू आकारात वाकवतात आणि एक मुळाची, म्हणजे खालची फटीकडची, बाजू बाहेर ठेवून. बऱ्याच कोडमध्ये ३ एमएमपेक्षा मोठं काही उघडलं की नापास. माझी पहिली वरची पट्टी पास झाली आणि मुळाची टक्क करून उघडली, आतमध्ये सगळीकडे एक बारीक काळी रेघ, धातू मुळापर्यंत पोचलाच नव्हता. वरून बघितलं असतं तर कुणीही म्हटलं असतं काय मस्त वेल्ड. दुसऱ्या वेळी मुळाचा रन २.५ च्या रॉडने, पुढे छोटं भोक उघडं ठेवत ठेवत मारला आणि दोन्ही पट्ट्या वाकल्या, काही उघडलं नाही. ती वाकलेली पट्टी माझ्या टेबलावर आहे.

आता सर्टिफिकेट, आणि इथे प्लीज नीट लक्ष द्या कारण आमच्यातले अर्धे जण फसल्यासारखे झाले. प्रवेशाच्या वेळी 'सर्टिफाइड वेल्डर व्हाल' असं सांगितलं होतं. हातात आलं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. कामावर जे मागतात ते वेगळं असतं, ठरलेल्या स्टँडर्डप्रमाणे परीक्षकासमोर दिलेली क्वालिफिकेशन टेस्ट, आयएसओ ९६०६-१ असेल किंवा एएसएमई सेक्शन ९, आणि तिच्यावर कुठली प्रोसेस, कुठली पोझिशन, किती जाडी हे सगळं लिहिलेलं असतं. तेवढ्याच कामाला ती चालते. आणि तीही कायमची नाही, सेक्शन ९ मध्ये सहा महिने ती प्रोसेस वापरली नाही तर पात्रता संपते, आयएसओमध्येही दर सहा महिन्यांनी काम चालू असल्याची सही लागते. आमच्या संस्थेतली बेंड टेस्ट ही आतल्या आत घेतलेली, बाहेरचा परीक्षक नव्हता. यात शिकण्याचं नुकसान काहीच नाही, पण प्रवेशाच्या टेबलवर हे स्पष्ट सांगायला हवं होतं. पोटापाण्यासाठी धंदा बदलणाऱ्या माणसाला अर्धवट माहिती देऊन फी घेणं मला अजिबात पटलं नाही. फी भरायच्या आधी एकच विचारा, शेवटच्या टेस्टला परीक्षक कुणाचा आणि कागदावर कुठल्या स्टँडर्डचं नाव असेल, आणि जुन्या विद्यार्थ्याच्या सर्टिफिकेटची एक कॉपी दाखवायला सांगा.

प्लेसमेंट डेस्कने दोन फोन नंबर दिले, एक लागला नाही, दुसऱ्याला अनुभव पाहिजे होता. मला काम मिळालं ते सरांच्या ओळखीतून, एका छोट्या फॅब्रिकेशन शेडमध्ये, हेल्पर म्हणून. सुरुवातीचा महिनाभर फक्त ग्राइंडर हातात होता. आता टॅक मारायला देतात, आणि गेल्या आठवड्यापासून गेटच्या फ्रेमचे फिलेट. पगार आधीपेक्षा कमी आहे हे लपवत नाही. दादा गॅरेजमध्ये लागले, चॅसिसचं काम करतात, स्टँड त्यांनी स्वतः बनवून घेतलाय म्हणे.

तर घ्यायचा का हा कोर्स? शिकायचं असेल तर हो, आणि सर आहेत तोपर्यंतच. रॉड भरपूर, बूथला दोन माणसं, मोठ्या वयाच्या माणसाकडे खरंखुरं लक्ष, हे मी बघितलेल्या इतर दोन ठिकाणी नव्हतं, एका ठिकाणी तर बूथला चार जण होते. फक्त कागदासाठी जात असाल तर जाऊ नका, तोच पैसा क्वालिफिकेशन टेस्टला ठेवा. पाचपैकी साडेतीन देते, शिकवण्याला पाच आणि ऑफिसला दोन असं धरून.

जायच्या आधी एकदा संध्याकाळी बॅच चालू असताना जाऊन या, दुपारी ऑफिसात नको. धूर कुठे जातोय ते बघा, रॉडच्या ओव्हनला हात लावून गरम आहे का बघा, आणि भंगाराच्या पेटीत डोकावून बघा, उरलेली थुटकं दोन इंचांची असतील तर तिथे रॉड पुरवून पुरवून वापरायला शिकवतात आणि प्लेटांवर एकावर एक रन चढलेले असतील तर पोरांना मारू देतात. मी पुढचा टिगचा (हे वेल्डिंगचीच दुसरी पद्धत) बॅच धरायचा विचार करतेय, पण आधी परवा जाऊन ओव्हन चालू झाला का ते बघून येणार आहे.